अ‍ॅटमॉस गाणं कुजबुजतं, स्टिरिओ ओरडतं: आवाज सारखा कुणी करायचा?

होटगीरोडकर: घरी ५.१ (पाच स्पीकर, एक वूफर) लावलंय. अ‍ॅटमॉस म्हणजे डॉल्बीचा चहूबाजूंनी आवाज देणारा प्रकार. प्लेलिस्टमध्ये अ‍ॅटमॉस गाणं आलं की आवाज वाढवावा लागतो, आणि पुढचं साधं स्टिरिओ निघालं की आई आतून ओरडते. महिन्याला पैसे घेतात ना? मग पातळी सारखी करणं ॲपचं काम, माझ्या अंगठ्याचं नाही.

कानसेन: सगळं सारखं केलं की गाण्यातला जीव जातो. डॉल्बीची अट आहे, अ‍ॅटमॉस संगीताची सरासरी पातळी उणे १८ एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक; उणे आकडा जितका मोठा तितका आवाज हळू) वर नको. हल्लीची स्टिरिओ गाणी उणे ८-९ ला ठोकलेली असतात. दहा डेसिबलचा फरक, म्हणजे कानाला जवळपास दुप्पट. मोठ्या आवाजाची शर्यत नव्वदच्या दशकापासून स्टिरिओवाल्यांनीच वाढवली, त्यांना बोला. अ‍ॅटमॉसमध्ये तबल्याची थाप वेगळी उठते ती सरासरीच्या वर राखलेल्या या मोकळ्या जागेमुळेच.

होटगीरोडकर: उणे १८ ही वरची मर्यादा झाली. खालची कुठाय? दोन अ‍ॅटमॉस गाण्यांतसुद्धा फरक पडतो की वो.

पूर्वभागवाला: कानसेन, तुमचं सगळं एसीच्या बंद खोलीत खरं. इकडं मे महिन्यात कूलर फुल्ल, शेजारी यंत्रमाग खडखडालाय. हळू आलाप ऐकूच येत नाही, वाढवला की कोरस अंगावर येतो. हळू-मोठ्याची कसली रेंज जपालास बे! मी रिसीव्हरचा नाइट मोड भरदुपारी लावतो. शुद्धता गेली उडत.

कानसेन: कूलरपुरता लावा. पण नाइट मोड गाण्याच्या आतले चढउतार दाबतो, आणि इथे प्रश्न दोन गाण्यांमधल्या फरकाचा आहे. त्याला नॉर्मलायझेशन पुरतं, ते अख्खं गाणं एकदम खाली-वर करतं. ॲपल म्युझिकमध्ये साउंड चेक चालू करा, स्टिरिओ उणे १६ च्या आसपास उतरेल.

होटगीरोडकर: म्हणजे ॲपनंच करायचं! मी वेगळं काय म्हणत होतो? मग ते सेटिंगात दडवू नका, पहिल्यापासून चालू द्या.

कानसेन: सरसकट नको. अल्बममधलं शांत गाणं शांतच राहायला हवं.

होटगीरोडकर: प्लेलिस्टला सारखं, अल्बमला जसंच्या तसं. एवढं ॲपला जमत नाही?

कानसेन: स्पॉटिफायला जमतं. अल्बम सलग लावला की गाण्यागाण्यांतला फरक तसाच राखतं. फक्त त्यावर अ‍ॅटमॉस नाही.

पूर्वभागवाला: 😂 घ्या!