'द्रवरूप प्राणवायू' कसं चालेल?

टिटवी: मुलांसाठी रॉकेट बनवणाऱ्या अमेरिकन रॉबर्ट गोडार्डवरचा मजकूर मराठीत आणतेय. १६ मार्च १९२६, मॅसॅच्युसेट्समधलं ऑबर्न, शेतात उभी केलेली लोखंडी चौकट. रॉकेटच्या एका टाकीत पेट्रोल, दुसरीत लिक्विड ऑक्सिजन. मी 'द्रवरूप प्राणवायू' लिहिलं, तर आमच्या चौथीतल्या चिरंजीवांनी पेन्सिलीने गोल करून विचारलं, "वायू आहे की पाणी?" काय लिहू?

खडीसाखर: 'गोठवलेला प्राणवायू' लिहा.

अण्णा_नगरकर: गोठला की तो घन झाला हो! उणे १८३ अंशाखाली तो फिकट निळा द्रव असतो. गोठायला आणखी पस्तीस-एक अंश खाली जावं लागतं. सरळ 'द्रव ऑक्सिजन' लिहा. पोराला ऑक्सिजन कळतो, प्राणवायूच शिकवावा लागतो.

खडीसाखर: म्हणजे मराठी शब्द आहे तरी टाकून द्यायचा? आपण 'गॅस संपला' म्हणतो तेव्हा सिलिंडर हलवून आतलं डुचमळतंय का बघतोच की. तिथे कुणी विचारत नाही वायू की पाणी.

टिटवी: हे पटलं. पण पुढे 'द्रव-इंधन रॉकेट' येतं. ऑक्सिजन इंधन नाही ना?

अण्णा_नगरकर: नाहीच. इंधन पेट्रोल, ऑक्सिजन ते जाळणारा. दोन्ही मिळून प्रणोदक.

बोरूबहाद्दर: चौथीच्या पोराला प्रणोदक? दया करा. शिवाय १७ ऑगस्ट १९३३ ला मॉस्कोजवळ नाखाबिनोला रशियनांनी ०९ नावाचं रॉकेट साधारण ४०० मीटर उडवलं. त्यात ऑक्सिजन द्रव, पण पेट्रोल घट्ट केलेलं, वंगणासारखं. त्याला काय म्हणाल, 'घट्टइंधन'?

खडीसाखर: मुळात रॉकेट कशाला? अग्निबाण म्हणा.

बोरूबहाद्दर: आमच्याकडे 'बाण' म्हणजे दिवाळीत बाटलीत उभा करतात तो. एकदा बाटली कलंडली आणि बाण शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीत. गोडार्डचंही तसंच की! अडीच सेकंदांत ४१ फूट वर, १८४ फूट लांब, आणि पडलं कुठे तर कोबीत.

अण्णा_नगरकर: म्हणूनच बर्लिनच्या रॉकेटवेड्या मंडळींनी १९३१ साली आपल्या द्रव-इंधन रॉकेटला 'रिपल्सर' म्हटलं, बंदुकीच्या दारूच्या रॉकेटांत त्याची गणना होऊ नये म्हणून. आणि रॉकेट तरी काय, मूळ इटालियन शब्द सुताच्या रिळाचा आहे.

मोगरा७: आजी रॉकेटला रॉकेलच म्हणायची. रॉकेल शब्द रॉकेटवरूनच आला ना?

अण्णा_नगरकर: छे, रॉक ऑइलवरून.

खडीसाखर: आमच्याकडे घासलेट. रॉकेल पुणेरी!

बोरूबहाद्दर: पुणेरी कसलं? सोलापुरात रेशनच्या रांगेत मी 'रॉकेल'च ऐकत उभा राहिलोय.

टिटवी: अहो, माझा प्राणवायू?