ड्रायव्हर गेला, तर भरपाईचा दावा एकाच कायद्याखाली का?

कृष्णाकाठ: तासगावहून द्राक्षं घेऊन निघालेला ओळखीतला ड्रायव्हर कराडजवळ टँकरच्या धडकेत गेला. वय 30, पगार 15,000. मागं आई, बायको, दोन पोरं. मोटार वाहन कायद्याचं कलम 167 सांगतं: भरपाई या कायद्याखाली मागा, नाहीतर 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली (नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतलीय). दोन्हीकडे नाही. तेराव्याच्या आधीच वकिलाचा माणूस कोऱ्या कागदावर सह्या घ्यायला ओसरीवर हजर! त्याच्या बायकोनं काय निवडायचं? माझं मत, पहिला दावा फसला तर दुसरा करायची मुभा हवी.

मिरज जंक्शन: नको. एका मरणाचे दोनदा पैसे? माझे दोन ट्रक आहेत. मी काय जन्मभर कोर्टात हेलपाटे घालू?

कृष्णाकाठ: दोनदा कोण मागतंय? मिळालेले वजा करा की. आणि तुमच्या खिशातून जातं किती? विमा असेल तर कंपनी भरते. उशिराचा दंड तेवढा मालकावर.

वाळवा: वकिली करतो, आकडाच मांडतो. 1923 चा कायदा: निम्मा पगार 7,500, वयाचा गुणांक 207.98, झाले 15,59,850. चूक कुणाची, हे कुणी विचारत नाही. ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे मोटार कायद्याखालचे दावे चालतात तिथं: वर्षाचे 1,80,000, त्यात भविष्यातली वाढ 40 टक्के, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, गुणिले वयानुसार 17. झाले 32,13,000, अंत्यविधी वगैरेचे वेगळे. पण टँकरवाल्याची चूक शाबीत व्हायला हवी. आपलाच ड्रायव्हर पेंगला होता असं निघालं, तर मोटार कायद्याच्या कलम 166 खाली हाती भोपळा.

कृष्णाकाठ: म्हणजे जुगारच.

वाळवा: पंचनामा, दोषारोपपत्र बघून ठरवलं तर नाही. पण ट्रिब्युनलची मुदत 2022 पासून सहाच महिने, 1923 च्या कायद्यात दोन वर्षं. घाई होते ती इथं. एक रस्ता धरला की दुसरा बंद, हे सुप्रीम कोर्टानं मस्तान खटल्यात सांगितलंय.

हळदपेठ: मालकानं आपणहून पैसे भरले आणि बाईनं उचलले तर?

वाळवा: ती तिची निवड धरत नाहीत. द्यामव्वा खटला, 2013. मालकानं जमा केलेले पैसे घेऊनही ट्रिब्युनलचा दावा टिकला, तेवढी रक्कम वजा झाली.

मिरज जंक्शन: हे पटलं. पण हरल्यावर दुसरा डाव? अजिबात नाही.

कृष्णाकाठ: मग पोलिसांचे कागद हातात पडेपर्यंत मुदत मोजू नका. एवढं झालं तर तुमचा एकच दावा मला कबूल.