बाबांची मूळव्याध: स्टेपलर की साधं कापायचं?

रामबागकर: बाबा 61 चे, थर्ड ग्रेड, संडासला गेले की मोड बाहेर येतात आणि बोटाने आत ढकलावे लागतात. एक डॉक्टर म्हणतात स्टेपलर, दुसरे म्हणतात कापूनच काढू, आणि घरात रोज सकाळी पोह्यांवर शेव पडायच्या आत भांडण सुरू. माझं मत स्टेपलर. मामाचं झालं तर चौथ्या दिवशी राजवाड्यावर फिरत होता.

छप्पनचा_भाचा: चौथ्या दिवसाचं काय सांगतोस भिया, दोन वर्षांनी काय ते सांग. स्टेपलरमध्ये मोड काढतच नाहीत, त्याच्या वरच्या अस्तराची गोल पट्टी कापून पिना मारतात आणि मोड वर ओढला जातो, तिथे दुखण्याची जाणीव नसते म्हणून त्रास कमी. पण परत उतरायचा धोका जास्त. ब्रिटनमध्ये 777 पेशंटवर तुलना केली होती, 2016 ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आली, सुरुवातीला स्टेपलरवाल्यांना कमी दुखलं पण 2 वर्षांच्या हिशेबात कापलेलेच बरे निघाले.

मीनामावशी: हे सगळं खरं असेल पण कापून घेतलंय कोणी इथे? मी घेतलंय. पहिला आठवडा संडासच्या दाराकडे बघूनच पोटात गोळा, कोमट पाण्याच्या टबात बसून चक्क रडले, ह्यांनी बाहेरून विचारलं चहा ठेवू का तर त्यांच्यावरच ओरडले. आता 6 वर्षं काही नाही, तरी 61 च्या माणसाला मी एवढ्या छातीठोकपणे सांगणार नाही.

सराफा_रात्री_1: लेसर करा ना, संध्याकाळी घरी.

छप्पनचा_भाचा: लेसरने आतून जाळून मोड आकसवतात, बाहेर लोंबणारी कातडी तशीच राहते. चौकाचौकात बोर्ड आहेत म्हणून तेच भारी असं नसतं.

मीनामावशी: आणि रबर बँड? मोडाच्या मुळाशी रबराचं छोटं कडं बसवतात, मोड सुकून गळतो. थर्ड ग्रेडलाही चालतं, ओपीडीत होतं, भूलसुद्धा नको. ऑपरेशनवर उडी कशाला?

रामबागकर: हे कोणी बोललंच नाही! करूनच टाकतो मग. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्याने फरक पडत नाही ना?

छप्पनचा_भाचा: अरे देवा, हे आत्ता सांगतोस? आठ-दहा दिवसांनी बँड गळतो तेव्हा बदाबदा रक्त जाऊ शकतं. दोन्ही डॉक्टरांना गोळीचं सांगितलंय का?

रामबागकर: एकाला. बहुतेक.

मीनामावशी: आधी फोन लाव. आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका बरं का.