१५ ऑगस्टला २०० पिशव्यांचं शिबिर, आणि मेडिकल कॉलेजची रक्तपेढी म्हणते तारीख बदला

पेठेतला कार्यवाह

आमचं गणेश मंडळ आणि शेजारच्या दोन सोसायट्या मिळून १५ ऑगस्टला रक्तदान शिबिर घ्यायचं ठरलंय. झेंडावंदन झालं की लगेच, सकाळी ९ ते १. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रक्तपेढीला पत्र दिलं, २०० नावांची यादी जोडली. तिकडून समाजसेवा अधीक्षकांचा फोन आला: त्या दिवशी आधीच तीन शिबिरं आहेत, तारीख पुढे न्या, आणि २०० एकदम नकोत. आता त्याच कॉलेजच्या सूचनाफलकावर १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिनाची आणि दिवाळीच्या आसपासच्या शिबिरांसाठी आवाहनाची नोटीस लागलेली आहे. म्हणजे रक्त हवंय, पण आमचं नको? मंडळात एक गट म्हणतो, खासगी पेढीला बोलवा, ते २०० काय ३०० घेतील.

विचारायचं ते असं:
तारीख बदलण्यात खरंच काही अर्थ आहे की मनुष्यबळाची रड आहे?
हॉल पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. चालेल का?
दात्यांना हेल्मेट द्यायला प्रायोजक मिळालाय. द्यावीत का?
त्याच हॉलमध्ये नेत्रदान-देहदानाचे फॉर्म ठेवावेत का?

सेंट्रीफ्यूज

अर्थ आहे, आणि तो कॅलेंडर घेऊन बसलात तर दहा मिनिटांत कळेल.

रक्त टिकत नाही. साध्या सीपीडीए (रक्त न गोठू देणारं द्रावण) पिशवीतलं रक्त ३५ दिवस. घटक वेगळे करून लाल पेशी पोषक द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस. प्लेटलेट फक्त ५ दिवस, त्याही २० ते २४ अंशांत, सतत हलत्या ट्रेवर. वर्षभर राहतो तो एकटा गोठवलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग.

१५ ऑगस्टला घेतलेल्या लाल पेशी जास्तीत जास्त २६ सप्टेंबरपर्यंत वापरता येतात. सीपीडीएमधलं रक्त १९ सप्टेंबरला संपलं. त्या एका आठवड्यात शहरातली निम्मी मंडळं शिबिर घेतात, सगळ्यांची मुदत एकाच वेळी संपते.

आता दुसरी बाजू, जी कुणी मोजत नाही. तुमचे २०० दातेही त्या दिवशी 'बंद' होतात. पुरुषांना ९० दिवस, स्त्रियांना १२० दिवस पुन्हा देता येत नाही. म्हणजे पुरुष १३ नोव्हेंबरला मोकळे होणार, स्त्रिया १३ डिसेंबरला. दिवाळी बहुतेक वेळा त्याआधी. कॉलेजं बंद, लोक गावी, शिबिरं शून्य, ऑगस्टचा साठा कधीच संपलेला, आणि जे एरवी हाकेला येतात त्यांचे ९० दिवस भरलेले नाहीत. अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव आणि दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागणारी थॅलेसेमियाची मुलं दिवाळीची सुट्टी घेत नाहीत.

दिवाळीखेरीज एप्रिल-मे हा दुसरा खड्डा. परीक्षा, मग सुट्ट्या.

मनुष्यबळाबद्दल: ती रड नाही, औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांतच हिशोब आहे. साधारण ३ तासांत ५० ते ७० किंवा ५ तासांत १०० ते १२० दात्यांसाठी एक वैद्यकीय अधिकारी, ६ ते ८ खाटांमागे दोन परिचारिका, तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवक, दोन मदतनीस. तुमच्या ४ तासांत २०० हे दोन पथकांचं काम आहे. एका पथकाला दिलंत तर पहिलं काय कापलं जातं सांगू? दात्याची तपासणी आणि नंतरची विश्रांती.

दुसरी पाळी

हॉलबद्दल. पहिला मजला, लिफ्ट नाही: नको. चक्कर खाटेवर कमी येते, उठल्यावर जास्त येते. म्हणजे नेमकी जिन्यावर. तळमजला, निदान ३० बाय ४० फूट, दोन बाजूंनी हवा. मांडव घातलात तर ऊन खाटांवर येणार नाही अशी दिशा धरा. ११ वाजता ते सरकतं, हे आदल्या दिवशी त्याच वेळी उभं राहून पाहा.

रांगेचा क्रम एका दिशेनं: नोंदणी, फॉर्म, वजन आणि हिमोग्लोबिन, डॉक्टर, खाट, अल्पोपाहार, बाहेर. येण्याचं आणि जाण्याचं दार वेगळं. अल्पोपाहाराचं टेबल खाटांवरच्या परिचारिकेला दिसेल असं. तिथं प्रत्येकाला १० ते १५ मिनिटं बसवायला एक खमक्या माणूस ठेवा, "मला काही होत नाही" म्हणणाऱ्यांनाही बसवेल असा.

वीज: पिशवी हलवणारं यंत्र ठरलेल्या आकारमानाला नळी आपोआप बंद करतं. वीज गेली की वजनकाट्यावर, हातानं हलवत काम. पिशवीत रक्तासोबत न गोठू देणारं द्रावण असतं, ३५० मिलिला ४९ मिलि. रक्त त्यात सतत मिसळलं नाही तर गुठळी होते आणि ती पिशवी फेकावी लागते. म्हणून खाटांसाठी स्वतंत्र लाइन घ्या. साउंड सिस्टिम आणि चहाची इलेक्ट्रिक किटली त्याच बोर्डावर लावू नका. हे जवळपास दर शिबिरात होतं.

बर्फ: कार्यकर्ते प्रेमानं बर्फाच्या लाद्या आणून पिशव्यांवर रचतात. करू नका. प्लेटलेट काढायच्या पिशव्या २० ते २४ अंशांतच न्यायच्या असतात, थंड झाल्या की प्लेटलेट गेल्या. कोणती पेटी थंड आणि कोणती नाही हे तंत्रज्ञ ठरवेल.

वेळ: प्लेटलेटसाठी रक्त घेतल्यापासून ६ तासांच्या आत पिशवी कॉलेजच्या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात फिरायला लागली पाहिजे. पहिली पिशवी ९.३० ला भरली तर ३.३० ची मर्यादा. शिबिर १ वाजता संपलं, आवराआवर, भाषण, फोटो, मग ट्रॅफिक, असं करून सकाळच्या पिशव्या हातच्या जातात. ११.३० ला पहिला लॉट पाठवायला एक गाडी आणि चालक मंडळानं वेगळा द्या. पेढीला हे आधी सांगितलंत तर ते खूश होतील.

नारळीभात

सेंट्रीफ्यूज यांचा हिशोब कागदावर बिनचूक आहे. पण मंडळं १५ ऑगस्टला शिबिर घेतात, कारण त्या दिवशी माणसं जमतात. झेंडावंदनाला आलेला तरुण उभ्याउभ्या रांगेत लागतो. त्यालाच नोव्हेंबरच्या एखाद्या रविवारी सकाळी बोलवा, २०० च्या यादीतले ४० आले तर नशीब. तारीख आदर्श आणि पिशव्या ४०, यापेक्षा १५ ऑगस्टच्या १०० बऱ्या नाहीत का?

सेंट्रीफ्यूज

मुद्दा मान्य, गर्दीचा दिवस वाया घालवू नये. पण त्या दिवशी रक्तच घेतलं पाहिजे असं नाही. १५ ऑगस्टला टेबल मांडा आणि नाव, रक्तगट, वजन, मोबाईल आणि शेवटचं रक्तदान कधी केलं ते लिहून घ्या. त्यातून तीन तुकड्या करा. पहिली सप्टेंबरच्या शेवटी, दुसरी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, तिसरी एप्रिलच्या शेवटी. प्रत्येकी ६० ते ७०, म्हणजे एका पथकाचं ३ तासांचं काम. पहिल्या तुकडीतले स्त्री-पुरुष दोघेही एप्रिलला पुन्हाही चालतील.

आणखी एक. पावसाळ्यानंतर डेंग्यूचे रुग्ण वाढतात तेव्हा प्लेटलेटची मागणी वाढते. सगळी शिबिरं रविवारी होतात, म्हणून रविवारच्या प्लेटलेट शुक्रवारी मुदत संपून जातात. शुक्रवार-शनिवारी तुटवडा. सप्टेंबरची तुकडी बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी घेता आली तर पेढीवाले तुम्हाला नारळ देतील. मात्र दिवसभर उपाशी राहून ऑफिसातून थेट आलेल्याला आधी खायला घाला.

ओ निगेटिव्ह

२०० नावं म्हणजे २०० पिशव्या नव्हेत. वय १८ ते ६५, पहिल्यांदाच देणारा असेल तर ६० पर्यंत. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली चालत नाही, आणि सर्वाधिक नाकारले जातात ते याच कारणानं, त्यातही स्त्रिया. वजन ४५ किलो असेल तर ३५० मिलि, ४५० मिलिसाठी ५५ च्या वर. यादीत वजनाचा रकाना ठेवलात तर पेढी कोणत्या पिशव्या किती आणायच्या ते ठरवू शकते.

तात्पुरते थांबायचे: टॅटू काढून वर्ष व्हायचंय, मलेरियाला ३ महिने, डेंग्यूला बरे झाल्यावर ६ महिने, टायफॉइडला वर्ष, दात काढला असेल तर ६ महिने. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत आणि गेल्या ४ आठवड्यांत डोस बदललेला नाही, तर चालतं. इन्सुलिन असेल तर नाही. रात्रपाळी करून झोप न घेता आलेल्यानंही देऊ नये. हे आठवडाभर आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाका. रांगेत अर्धा तास उभं राहून परत जाणारा माणूस पुढच्या वर्षी येत नाही.

उपवास! उपाशीपोटी रक्त घेत नाहीत, ४ तासांच्या आत खाल्लेलं असावं लागतं. १५ ऑगस्ट बहुतेक वर्षी श्रावणात येतो. तारीख ठरवताना एकादशी, संकष्टी आणि श्रावणी सोमवार आधी बघा. साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेला चालतो, पण "आज फक्त पाणी" वाला नाही.

फॉर्म: कार्यकर्ते मदत म्हणून दात्याचा फॉर्म स्वतःच भरतात आणि सगळ्या रकान्यांत 'नाही' मारतात. तपासणीचा अर्धा जीव त्या प्रश्नांत आहे. एचआयव्ही आणि काविळीच्या चाचण्या प्रत्येक पिशवीवर होतात, पण संसर्ग अगदी ताजा असेल तर चाचणीत दिसत नाही. तिथं दात्यानं खरं सांगणं हाच उपाय. म्हणून डॉक्टरांचं टेबल पडद्याआड, मंडळाचा माणूस जवळ नको. मोबाईल नंबर बरोबर घ्या, चाचणीत काही आढळलं तर पेढी दात्यालाच फोन करते, मंडळाला नाही.

यावरूनच हेल्मेटचं उत्तर: देऊ नका. वस्तूसाठी आलेला माणूस गेल्या महिन्यातलं रक्तदान आणि कावीळ दोन्ही लपवतो. पैसे देऊन रक्त घेणं १९९८ पासून बंद आहे, आणि हजार रुपयांची वस्तू देणं त्याच वळणावर जातं. प्रमाणपत्र, चहा, केळं, बिस्किटं पुरे. प्रायोजकाला गाडी आणि अल्पोपाहाराचा खर्च द्या म्हणावं.

खासगी पेढी बोलवायला हरकत नाही, पण परवाना आणि शिबिर घेण्याची मुभा आधी विचारा. ३०० घेतो म्हणणाऱ्याला एक प्रश्न: पथकं किती आणि साठवण किती?

दुसरी पाळी

हिमोग्लोबिनचं एक राहिलं. काही ठिकाणी अजून मोरचूदाच्या निळ्या द्रावणात थेंब टाकून बघतात. १.०५३ घनतेच्या द्रावणात थेंब १५ सेकंदांत तळाला गेला तर पास. थेंबात हवेचा बुडबुडा असेल तर चांगल्या रक्ताचाही थेंब तरंगतो. बोट दाबून दाबून काढलेल्या थेंबात पेशींबाहेरचं पाणी येतं, तोही फसवतो. जास्त नापास होत असतील तर "द्रावण बदलून बघता का?" एवढं नम्रपणे विचारायला हरकत नाही.

कचरा: रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या लाल, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात. सगळं पेढी परत नेते. सोसायटीच्या सफाई कामगारांना त्याला हात लावू देऊ नका, आणि खाटांखाली एकदा बॅटरी मारून सुई पडली नाही ना ते बघा.

ओ निगेटिव्ह

नेत्रदान-देहदानाबद्दल थोडक्यात. ठेवा, पण अल्पोपाहाराच्या टेबलाजवळ. तिथं माणूस पंधरा मिनिटं बसलेलाच असतो. नेत्रदान पंधरवडा २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर असतो, कॉलेजचा नेत्रविभाग तेव्हा पत्रकं आणि माणूसही देतो. फॉर्म भरण्यापेक्षा घरच्यांना ठाऊक असणं महत्त्वाचं, कारण फोन तेच करणार: मृत्यूनंतर ६ तासांच्या आत, तोवर पापण्या मिटून ओला कापूस, डोकं उशीवर उंच, पंखा बंद. देहदानासाठी कॉलेजचा शरीररचनाशास्त्र विभाग. अपघाती किंवा पोलीस केस असलेला देह ते घेत नाहीत. नेत्रदान केलं तरी देहदान करता येतं, हा प्रश्न हमखास येतो.

पेठेतला कार्यवाह

काल बैठक झाली. १५ ऑगस्टला फक्त नोंदणी, वजनाच्या रकान्यासकट. शिबिरं: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी, आणि दिवाळीआधी एक रविवार. एप्रिलचं नंतर. शाळेचा तळमजल्यावरचा हॉल मागितलाय. हेल्मेटवाले जरा नाराज, पण गाडीला तयार झाले. समाजसेवा अधीक्षकांना नवं पत्र द्यायचंय, त्यात काय काय लिहू?

सेंट्रीफ्यूज

निदान ३ आठवडे आधी द्या. तारीख आणि वेळ, जागेचा पत्ता आणि मजला, अपेक्षित दाते, त्यात ५५ किलोच्या वरचे किती, स्वतंत्र वीजजोडणी आहे की नाही, जवळचं पाणी आणि स्वच्छतागृह, मधल्या लॉटसाठी गाडी देणार आहात हे, आणि दोन माणसांचे मोबाईल. दोन आठवडे आधी पेढीचा माणूस जागा बघायला येईल, तेव्हा हॉलची किल्ली ज्याच्याकडे आहे त्यालाच थांबवा. संध्याकाळचं शिबिर आहे, म्हणून त्या रात्री घटक वेगळे करायला तंत्रज्ञ पाळीवर असेल का, हे पत्रातच विचारा. नसेल तर बुधवारचा प्लेटलेटसाठी काही उपयोग नाही, सकाळ मागा.