मुलगा बास्केटबॉल खेळतो म्हणून छोटं कॉलेज? माझं मत : जाऊ द्यावं

रारिटनकाठ (एडिसन, न्यू जर्सी)

मंडळी, घरात या विषयावरून दोन तट पडलेत, म्हणून धागा काढतोय. चिरंजीव यंदा बारावीत. उंची सहा फूट एक इंच, पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून खेळ रचणारा), शाळेच्या व्हर्सिटी म्हणजे मुख्य संघात, उन्हाळ्यात शाळेबाहेरच्या एएयू संघटनेच्या स्पर्धा. डिव्हिजन वनमधून, म्हणजे कॉलेज-खेळाच्या सर्वांत वरच्या पातळीवरून, कुणी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही, हे त्याला आमच्याआधी कळलंय. पण ओहायोतल्या एका डिव्हिजन थ्री कॉलेजचा कोच त्याच्या मागे लागलाय. गाव एवढंसं, विद्यार्थी दोन हजारांच्या आत. जुलैत त्याने मार्क आणि एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण मागवून ॲडमिशन ऑफिसकडून 'प्री-रीड' करून घेतलं, म्हणजे अर्ज केला तर प्रवेश बराचसा पक्का. दुसरा पर्याय रटगर्स, आमच्या राज्याचं सरकारी विद्यापीठ. घरापासून गाडीने वीस मिनिटं, कॉम्प्युटर सायन्स चांगलं. तिथला संघ डिव्हिजन वनच्या बिग टेन या बड्या लीगमध्ये खेळतो, त्यामुळे तिथे आमच्या पोराने फार तर तिकीट काढून बसायचं.

इथली पद्धत माहीत नसलेल्यांसाठी : एनसीएए म्हणजे कॉलेजांतले खेळ चालवणारी संघटना, तिच्यात तीन डिव्हिजन. वन आणि टूमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळते. थ्रीमध्ये कॉलेजं सर्वांत जास्त, चारशेच्या वर, पण खेळासाठी एक डॉलरही द्यायचा नाही असा नियम. पैसे मिळतात ते मार्कांवर नाहीतर घरची मिळकत पाहून.

माझं म्हणणं सरळ आहे. अमेरिकेत शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळणारी मुलं साडेपाच लाखांच्या घरात आहेत. त्यातली एनसीएएच्या कुठल्याही डिव्हिजनपर्यंत पोचतात ती शंभरात तीन-चार. अशा पोराला कुणी 'आणखी चार वर्षं खेळ' म्हणत असेल तर आपण आडवं का पडायचं? खेळून पुढे काय मिळणार, हा प्रश्नच मला मान्य नाही. मिळायचं ते खेळतानाच मिळतं.

बायकोचं मत उलट आहे. ती इथे वाचत असते, तेव्हा जपून लिहा.

हिशोबनीस

असहमत. छापील फी किती आणि तुमच्या पदरात किती पडणार, ते आधी सांगा.

रारिटनकाठ

राहणं-जेवण धरून वर्षाला छापील ६४ हजार डॉलर. मेरिटचे ३० हजार मिळतील असं कळवलंय. राहिले ३४. रटगर्सला होस्टेलवर राहिला तर साधारण तेवढाच खर्च येतो. मग अडलं कुठे?

हिशोबनीस

तिथेच अडलं. ३० हजारांची सूट बघून हुरळून जाऊ नका. इथली खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना फीमध्ये सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात. छापील किमतीला तिथे फारसं कुणी जातच नाही. त्यातून मेरिटचा आकडा बहुतेक ठिकाणी चार वर्षं तोच राहतो आणि फी दरवर्षी चढते. रटगर्सला तुमचा मुलगा घरून जाऊ शकतो. राज्यातल्या मुलांना फी १८-१९ हजार, जेवण आईच्या हातचं. चार वर्षांचा फरक साठ हजारांच्या पुढे जातो.

कोचला मुलगा का हवाय तेही बघा. अशा कॉलेजांत तीनातला एक विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या संघात असतो, काही ठिकाणी त्याहून जास्त. वर्ग भरायचे तर संघ भरायचे. कित्येक ठिकाणी कोचला दरवर्षी किती मुलं आणायची याचा आकडा ठरवून दिलेला असतो. खेळावर प्रेम असेलही त्याचं, पण नोकरी त्या आकड्यावर चालते.

आणि एवढं करून कॉलेज टिकेल याची खात्री आहे का? फिलाडेल्फियाजवळचं कॅब्रिनी आठवा. २०१२ मध्ये डिव्हिजन थ्रीच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून ६३-६० असे अगदी थोडक्यात हरले. २०२४ मध्ये कॉलेजच बंद झालं, परिसर शेजारच्या व्हिलानोव्हाकडे गेला. संघ चांगला होता हो. तिजोरी रिकामी होती.

माजी_बेंचवाला (मिनेसोटा)

मी डिव्हिजन थ्रीत खेळलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दंतकथा बाजूला ठेवू. आमच्या मिनीॲपोलिसच्या ऑगस्बर्गमधून डेव्हियन जॉर्ज १९९९ मध्ये एनबीए या व्यावसायिक लीगच्या निवडीत थेट पहिल्या फेरीत लेकर्सकडे गेला. विल्यम्स या डिव्हिजन थ्री कॉलेजात एक वर्ष खेळलेला डंकन रॉबिन्सन पुढे डिव्हिजन वनच्या मिशिगनला गेला आणि २०२० ची एनबीए फायनल खेळला. ही नावं पालकांना हमखास ऐकवली जातात. ऐकायची आणि सोडून द्यायची.

आता रोजचं. सराव ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो, सामने पंचवीसच्या आसपास, फेब्रुवारीअखेर बहुतेकांचा मोसम संपतो. बुधवारी आणि शनिवारी सामना. बसमध्ये सीटवरच्या त्या मिणमिणत्या दिव्यात मी ऑरगॅनिक केमिस्ट्री वाचलंय, शेजारी सेंटरला खेळणारा गडी घोरत असताना. नाताळच्या सुट्टीत अख्खं कॉलेज घरी जातं आणि संघ मागे राहतो. मेस बंद. आम्ही पंधरा जण रिकाम्या होस्टेलमध्ये, दिवसातून दोन वेळा सराव, संध्याकाळी कोचच्या घरी पास्त्याचं भलंमोठं पातेलं. प्रेक्षक दोनशे आले तरी हाऊसफुल्ल वाटायचं आणि त्यातले निम्मे आम्हाला नावाने ओळखायचे. मी पहिली दोन वर्षं ज्युनिअर व्हर्सिटीत, म्हणजे दुय्यम संघात काढली, नंतरही बहुतेक वेळ बाकावरच. तरी पुन्हा संधी मिळाली तर तेच करीन.

हिशोबनीस, तुमचे साठ हजार खरे आहेत. पण घरून जाऊन-येऊन करणाऱ्या मुलाला रटगर्समध्ये पंधरा सख्खे दोस्त पहिल्याच आठवड्यात कुठून मिळणार?

नागपाडा_नाना (मुंबई)

गंमत वाटली वाचून. आमच्या नागपाड्याच्या कोर्टावर पोरं घाम गाळतात त्यामागे गणित असतं. खेळात नाव झालं की क्रीडा कोट्यातून कॉलेजात प्रवेश, पुढे नशिबाने साथ दिली तर रेल्वेत नोकरी. खेळ पोटाला लावतो, म्हणून घरचे खेळू देतात. तुम्ही मात्र वरून पैसे भरून पोराला खेळायला पाठवताय. हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच!

हिशोबनीस

नानांना +१.

माजी_बेंचवाला

नाना, पैसे शिक्षणाचे भरतात हो, खेळाचे नाही. पण टोला बसला, हे खरं.

क्लीव्हलँडची_कावेरी

माझ्या लेकाच्या वेळी आम्ही यातून गेलोय. दोन्ही बाजूंचं पटलं नाही, म्हणून लिहिते.

रारिटनकाठ, कोच काय म्हणतो ते ठेवा बाजूला आणि संघाचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी उघडा. कॉलेजच्या साइटवर असतंच. यंदाचं आणि मागच्या तीन वर्षांचं शेजारी-शेजारी ठेवा. पहिल्या वर्षाला नऊ मुलं आणि शेवटच्या वर्षाला दोनच दिसली, तर मधली सात कुठे गेली? एक तर खेळ सोडला, नाहीतर कॉलेज. मग फक्त गार्ड मोजा. दुसऱ्या वर्षाचे तीन गार्ड तुमच्या पोराच्याच उंचीचे असतील तर त्याला खेळायला मिळायला तिसरं वर्ष उजाडेल. त्यानंतर बॉक्स स्कोअर (सामन्यांचे आकडेवार तक्ते) बघा, पहिल्या वर्षाच्या मुलांना किती मिनिटं मिळतात ते कळतं. तासाभराचं काम आहे, आणि कोचच्या फोनपेक्षा त्यातून जास्त समजतं.

एक आणखी. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी आली आणि नंतर नियम सैल होत गेले. आता डिव्हिजन वनचे कोच शाळेतल्या अठरा वर्षांच्या मुलापेक्षा दुसऱ्या कॉलेजात तयार झालेला बावीस वर्षांचा गडी पसंत करतात. वरची मुलं एकेक पायरी खाली सरकली आहेत. डिव्हिजन थ्री म्हणजे गल्लीतला खेळ या समजात राहू नका.

अभ्यासाचंही विचारा. छोट्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला प्राध्यापक तीन-चार असतात. वरच्या वर्षाचे काही विषय एकाआड एक वर्षी लागतात. दुपारची लॅब आणि चारचा सराव एकाच वेळी आला की कोण माघार घेतं, हे कोचला नको, तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूला विचारा.

अवांतर : फेब्रुवारीत ओहायो बघून या. ऑक्टोबरात सगळंच सुंदर दिसतं.

तिसरी_घंटा

मला कळत नाही, ओहायो की रटगर्स असं दोनातच का अडकलाय? रटगर्स-न्यूअर्क आणि रटगर्स-कॅम्डन दोन्ही डिव्हिजन थ्रीत खेळतात, तुमच्याच राज्यात, राज्यातल्याच फीमध्ये. यूइंगचं टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) आहे. होबोकेनचं स्टीव्हन्स आहे, इंजिनिअरिंगवाल्यांचं. मार्क तगडे असतील तर कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न, एमरी, एनवाययू, सगळी डिव्हिजन थ्री. एमआयटीचा संघ २०१२ मध्ये शेवटच्या चारांत होता.

आणि दुसरं टोक बघायचं तर कॅलटेक. १९८५ पासून लीगमधला एकही सामना न जिंकता सलग ३१० हरले. फेब्रुवारी २०११ मध्ये ऑक्सिडेंटलला ४६-४५ ने हरवलं तेव्हा अख्ख्या देशात बातमी झाली. ती मुलंही चार वर्षं खेळलीच की! हरण्यासाठी एवढ्या लांब जायचं तर निदान पदवी कॅलटेकची असावी.

रारिटनकाठ

यादी छान, पण यातल्या किती कोचांनी फोन केलाय? जर्सीत आम्ही व्हिडिओ पाठवले होते. यंदाचे गार्ड ठरलेत असं कळलं. कार्नेगी मेलनसारख्या ठिकाणी कोचचा पाठिंबा मिळाला तरी मार्कांचा डोंगर चढावाच लागतो, आणि आमचं पोर हुशार असलं तरी तेवढं नाही. बोलावणं आहे तिथलंच बोलूया ना.

रारिटनचा_दुसरा_काठ

मीच ती बायको. खातं आजच उघडलं.

हे पैशावरून चाललंय असं यांनी भासवलंय. माझा आक्षेप पैशाला नाही. मुलगा कॉलेज बघत नाहीये, कोच बघतोय. गेल्या महिन्यात मी त्याला विचारलं, तिथे अजून काय आवडलं? म्हणाला, कोच रोज मेसेज करतो. अरे, करणारच! पण तो कोच उद्या गेला तर? वर ज्याचं कौतुक झालं त्या डंकन रॉबिन्सनचंच घ्या. विल्यम्सला त्याला घेणारा कोच माइक मेकर २०१४ मध्ये मॅरिस्टला निघून गेला आणि त्यानंतर रॉबिन्सननेही विल्यम्स सोडलं. त्याला मिशिगन मिळालं. आमच्याला कोण देणार?

आपल्यातला म्हणावा असा वरुण रामही आहे. हार्टफर्डच्या ट्रिनिटीत, म्हणजे छोट्या डिव्हिजन थ्री कॉलेजातच सुरुवात केली. वर्षभराने घराजवळच्या मेरीलंड विद्यापीठात परतला, शिष्यवृत्तीविना वॉक-ऑन म्हणून संघात शिरला, आणि मार्च २०१५ मध्ये व्हॅलपरायझोविरुद्ध शेवटच्या क्षणी बरोबरीचा शॉट त्यानेच होऊ दिला नाही. मेरीलंड ६५-६२ ने जिंकलं. म्हणजे मोठ्या विद्यापीठात गेलं की खेळ संपलाच, हेही खरं नाही.

माजी_बेंचवाला

वहिनी, कोचचा मुद्दा एकदम मान्य. पण वरुण रामसारखे वॉक-ऑन मोजायला एका हाताची बोटं पुरतील, आणि ट्रिनिटीच्या त्या वर्षाचा त्याला काहीच उपयोग झाला नाही असं कशावरून धरायचं? रटगर्समध्ये तुमचा मुलगा हौशी क्लबकडून मंगळवारी रात्री दहाला, कोर्ट रिकामं मिळेल तेव्हा खेळेल. पहिलं वर्ष नेटाने. पुढे मिडटर्म परीक्षा येते.

हिशोबनीस

मग येऊ दे की मिडटर्म. कॉलेज त्यासाठीच असतं ना?

रारिटनकाठ

कावेरीताई, काल रात्री रोस्टर काढून बसलो. सौ.ही बसल्या. एकूण एकवीस मुलं, त्यात पहिल्या वर्षाची आठ, शेवटच्या वर्षाची चार. दोन वर्षांपूर्वी आलेल्या सातांपैकी तिघं गायब. गार्ड सहा, दोघं यंदा बाहेर पडतायत. म्हणजे अगदी वाईट नाही, पण कोचने रंगवलं होतं तेवढंही गुलाबी नाही. चिरंजीवांनी त्याला स्वतः मेसेज करून विचारलं, पहिल्या वर्षी ज्युनिअर व्हर्सिटीचे सामने किती? उत्तर यायला दोन दिवस लागले. एरवी दहा मिनिटांत येतं.

माझं मत अजून तेच आहे, जाऊ द्यावं. पण अर्ली डिसिजनचा बांधून टाकणारा अर्ज नोव्हेंबरात करायचा नाही, साध्या फेरीत करायचा, एवढं घरात ठरलं. कोच नाराज होईल, होऊ दे.

क्लीव्हलँडची_कावेरी

ते एक बरं केलंत. ते गायब झालेले तिघं आता कुठे आहेत तेही शोधा. एखादा तरी बोलेल.

हिशोबनीस

आणि मेरिट टिकवायला किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो ते लेखी मागा. कित्येक ठिकाणी तीनच्या खाली घसरला की सूट जाते, आणि पहिलं सत्र नेमकं मोसमात येतं.

रारिटनचा_दुसरा_काठ

रात्री मुक्कामी बोलावलंय त्याला कॉलेजने. मी सांगितलंय, जिममध्ये जायच्या आधी सकाळी एका वर्गात पूर्ण तास बसायचं आणि कोण काय शिकवत होतं ते मला फोन करून सांगायचं. पोराने तोंड वाकडं केलं, पण हो म्हणालाय.