स्कॉटलंड: दोन सार्वमतं, दोन मतदारयाद्या
ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा का या २०१६ च्या सार्वमतात, स्कॉटलंडमधल्या ६२ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल दिला, म्हणजे आता ब्रिटनपासून स्वातंत्र्याचं सार्वमत स्वातंत्र्यवादी सहज जिंकतील, असं काही जण म्हणतात. पटत नाही. कौल स्पष्ट होता हे मान्य. ३२ पैकी एकाही कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) हद्दीत बाहेर पडण्याला बहुमत नव्हतं. पण स्वातंत्र्यवाद्यांपैकीही बऱ्याच जणांनी तेव्हा संघ सोडायला मत दिलं होतं. शिवाय स्कॉटिश मालाची सगळ्यात मोठी बाजारपेठ उर्वरित ब्रिटन आहे. उद्या स्वतंत्र होऊन संघात गेले तर, ब्रिटन संघाबाहेर असल्यामुळे, जकातीची सीमा थेट इंग्लंडच्या वेशीवर येणार.

दुसरा मुद्दा मतदारयादीचा. २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात तिथे राहणाऱ्या संघाच्या इतर देशांतल्या नागरिकांना मत होतं, १६-१७ वर्षांच्या मुलांनाही. २०१६ ला या वयाची मुलं वगळली गेली आणि आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडून संघातले बाकीचे नागरिकही. उलट राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून तिथे कायदेशीर राहणारे भारतीय दोन्ही वेळा पात्र! म्हणजे एडिंबरात नोकरीसाठी गेलेल्या पुणेकराला युरोपच्या प्रश्नावर मत, आणि तिथे वर्षानुवर्षं स्थायिक असलेल्या पोलिश शेजाऱ्याला नाही. २०१४ मध्ये ब्रिटनवाद्यांचा प्रचारच असा होता की संघाचं सदस्यत्व टिकवायचं तर ब्रिटनमध्ये राहा. त्यावर विश्वास ठेवून मत दिलेल्या संघातल्या या नागरिकांना दोन वर्षांनी साधं विचारलंही नाही, हे मला त्या ६२ टक्क्यांपेक्षा जास्त बोचतं.