दाखल, दाखला आणि 'किती दाखवला?'

पारोळेकर
यंदा महापालिकेच्या निवडणुकीत जळगावला एका नातेवाइकाचे कागद मी सांभाळत होतो. आधी अर्ज 'दाखल' करायचा, त्याला ढीगभर 'दाखले' जोडायचे आणि निकाल लागल्यावर खर्च 'दाखवायचा'. हे तिन्ही शब्द एकाच मुळातले का? ओळखीचे एक वकील म्हणतात, सगळं 'दाखवणं'च आहे, वेगळं काय? मला पटेना. दुसरं असं, की छापील कागदांवर 'हिशेब सादर करणे' असतं, पण बाहेर टपरीवर जो तो विचारतो, "खर्च किती दाखवला भो?" हा फक्त बोलीतला ढिलेपणा, की अर्थच वेगळा?

भुसावळचा मास्तर
वकीलसाहेबांना सांगा, मुळं दोन आहेत. 'दाखल' अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला; अर्थ आत असलेला, आत आलेला. जुन्या मोडी पत्रांत फौज दाखल होते, कैदी दाखल होतात, तोच हा. अर्ज दाखल झाला म्हणजे तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला आणि नोंदवहीत चढला, एवढंच. तो बरोबर आहे की नाही हे छाननीत ठरतं. 'अर्ज दाखल झाला म्हणजे उमेदवारी पक्की' समजून गुलाल उधळणारे मी पाहिलेत, दुसऱ्या दिवशी त्यांचा अर्ज उडाला!

'दाखला' त्याच अरबी घरातला. हिंदीत 'दाखिला' म्हणजे शाळेतला प्रवेश, ती मूळ अर्थाच्या जवळ राहिली. आपण त्यापुढे जाऊन पुरावा, उदाहरण असे अर्थ केले. 'उदाहरणादाखल', 'शिक्षेदाखल' यांतही तोच 'दाखल' आहे.

'दाखवणे' मात्र प्राकृतातून आलेलं, 'देख'चं भावंड. 'दाखल'शी नातं नाही, नुसता आवाज सारखा.

नवापूरची ताई
आमच्याकडे गुजरात हाकेच्या अंतरावर. तिकडे 'दाखलो' म्हणजे गणिताचं उदाहरणसुद्धा. माहेरी सुरतला मुलं 'दाखला गणतात', इथे तलाठ्याकडून आणतात.

अमळनेर
अहिराणीत हा घोळ होतच नाही. आमनाकडे 'दाखवणे'ला 'दखाडणं'. फारम दाखल करतस, खर्च दखाडतस. ऐकताक्षणी कळतं की दोन शब्द दोन घरचे. आणि पारोळेकर भाऊ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. "कितला खर्च करा अनी कितला दखाडा?" हे दोन प्रश्न आहेत, एक नाही.

निवृत्त कारकून, धुळे
अमळनेरकरांनी नेमकं धरलं. निवडणूक शाखेत बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जळगाव आणि धुळे या 'ड' वर्गातल्या महापालिका. राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेली मर्यादा दर उमेदवाराला 9 लाख. मुंबई, पुणे, नागपूरला ती 15 लाख. नगरपरिषदांत वर्गाप्रमाणे उतरत जाते. 'क' वर्गात सदस्याला अडीच लाख. निकालापासून 30 दिवसांत हिशेब द्यावा लागतो, नाहीतर आयोग 3 वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. पडलेल्यालाही हे लागू आहे, आणि नेमके तेच विसरतात. डिपॉझिट गेलं, आता कसला हिशेब, असं म्हणून घरी बसतात. पुढच्या निवडणुकीला अर्ज भरायला आले की मग कळतं.

आता शब्दाकडे. 'सादर करणे' हे कागदाबद्दल आहे, 'दाखवणे' हे आकड्याबद्दल. कार्यालयाकडे दरसूची असते: खुर्ची, मंडप, रिक्षा, चहा, नाश्ता, जेवण, सगळ्याचे ठरलेले दर. तुम्ही चहा फुकट मिळवला तरी सूचीतल्या दराने तो तुमच्या नावावर पडतो. म्हणून उमेदवाराचा माणूस प्रत्येक वस्तूपाशी ठरवतो, ही दाखवायची की नाही. जानेवारीत प्रचार, म्हणजे जळगावकडे भरीताचा मोसम! एकाने मळ्यातल्या भरीत-पुरीच्या पंगतीचा खर्च 'चहा' म्हणून लिहून आणला होता. विचारलं तर म्हणे, "साहेब, भरीत तर घरचं होतं." वांगी घरची, तेल घरचं, आणि खाणारे अख्ख्या प्रभागातले!

चार सदस्यांच्या प्रभागात आणखी एक प्रयोग ऐकू येतो, 'वाटून दाखवणे'. एका पत्रकावर चौघांचे फोटो असले, तर छपाईचा खर्च चौघांत वाटला जातो. हे रीतसर आहे. पण हिशेब लिहिणारे चौघे वेगळे असले की त्या एकाच पत्रकाच्या चार किमती निघतात.

तेव्हा 'खर्च दाखवला' याला ढिलेपणा म्हणू नका. कागदी भाषेला जे म्हणता येत नाही, ते लोकांनी एका क्रियापदात बसवलंय.

चोपडेकर
अण्णा, मग 'डिपॉझिट'ला 'अनामत' का म्हणतात? अनामत म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू ना? इथे तर परत मिळायची खात्रीच नसते.

निवृत्त कारकून, धुळे
ठेवायलाच देता की. महापालिकेला सर्वसाधारण जागेसाठी 5,000, राखीव जागेसाठी 2,500. पुरेशी मतं पडली की परत. नाही पडली की 'जप्त', तोही अरबीच. लोक मात्र 'डिपॉझिट गुल' म्हणतात.

भुसावळचा मास्तर
'दाखला'बद्दल एक राहिलं. 'प्रमाणपत्र' सरकारी आणि 'दाखला' गावठी, असा समज आहे. तो चुकीचा. थकबाकी नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला हे शब्द रीतसर छापील कागदांवर असतात. जातीचा मात्र दाखलाही चालतो आणि प्रमाणपत्रही. पडताळणी समितीकडून येतं त्याला कोणीच दाखला म्हणत नाही. "व्हॅलिडिटी आली का?" एवढंच विचारतात.

पारोळेकर
समजलं. नातेवाईक थोडक्यात पडले, पण हिशेब द्यायचाच आहे. सोबतच्या पत्रात 'खर्चाचा हिशेब दाखल करीत आहे' लिहू की 'सादर'?

निवृत्त कारकून, धुळे
'सादर' लिहा. आणि झेरॉक्सवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.